हळद, जखम आणि रक्ताचा जमाखर्च

गेल्या वर्षी महावीर जयंतीच्या मिरवणुकीत माझे दाजी दरवर्षीप्रमाणे अनवाणी चालले. वय अडुसष्ट, मधुमेह बावीस वर्षांचा आणि चैत्राच्या उन्हाने तापलेला पुण्याचा डांबरी रस्ता. घरी परतल्यावर अक्काने पाय धुण्यासाठी पाणी ओतले, तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड दिसला. दाजींना तो दुखला नव्हता. खरे सांगायचे तर तो आल्याचे त्यांना कळलेही नव्हते, आणि याच गोष्टीने सर्वांनी सावध व्हायला हवे होते.

दाजींचा मार्केट यार्डात मसाल्याच्या जिनसांचा गाळा आहे. मूळ घर सांगलीकडचे. हळदीचा व्यापार तिसऱ्या पिढीत चालू आहे. त्यामुळे उपचार काय झाला असेल हे सांगायला नको. उत्तम राजापुरी हळद साजुक तुपात कालवून फोडावर बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली. फोड फुटला, त्याची जखम झाली, जखमेच्या कडा काळवंडल्या, तरी दुखत नाही म्हणून हळद चालूच राहिली. पाच आठवड्यांनी ते शल्यचिकित्सकांपुढे बसले, तेव्हा अंगठा वाचवण्याची वेळ निघून गेली होती.

त्याच महिन्यात त्यांना वहीतील आकडे पुसट दिसू लागले. नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिपटल तपासले आणि सांगितले की, मधुमेहामुळे डोळ्यात नको त्या ठिकाणी नव्या रक्तवाहिन्या फुटत आहेत. त्या थांबवण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतील. दाजींनी मला बोलावून घेतले आणि विचारले, "पायात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नाहीत म्हणून माझा अंगठा गेला. डोळ्यात त्या फुटतात म्हणून इंजेक्शन घ्यायचे. तू जन्मभर बँकेत जमाखर्च तपासलास, मग हा हिशेब मला समजावून सांग."

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. शरीरशास्त्राचा गंध नाही. परंतु प्रश्न इतका सरळ होता की उत्तर शोधल्याखेरीज राहवेना. पुढील काही महिने डॉक्टर स्नेह्यांना त्रास देऊन आणि मिळेल ते वाचून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो. त्याची सुरुवात पायापासून वा डोळ्यापासून न करता रक्ताच्या रोजमेळापासून करावी लागेल.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. मुदत संपलेली पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडली जाते आणि तिच्या जागी अस्थिमज्जेतून नवी येते. या मोडीत प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे सहा ग्रॅम हिमोग्लोबिन निघते. त्यातील लोहयुक्त भागाला हीम म्हणतात. रक्ताचा लाल रंग त्याचाच, आणि प्राणवायू वाहून नेण्याचे कामही त्याचेच. हिमोग्लोबिनच्या कुशीत असेपर्यंत हीम गुणाचे. सुटे झाले की तेच पेशींना जाळू लागते. म्हणून ते ताबडतोब मोडीत काढावे लागते. हे काम करणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, नाव हीम ऑक्सिजनेज.

१९६८ साली कॅलिफोर्नियात टेनह्युनेन, मार्व्हर आणि श्मिड या तिघा शास्त्रज्ञांनी या विकराचे कार्य प्रथम दाखवून दिले. पण त्याचे काम आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. गुडघा आपटला की आधी काळानिळा डाग पडतो, चार दिवसांनी तो हिरवट होतो आणि मग पिवळा होऊन विरतो. कातडीखाली साकळलेल्या रक्तातील हीम हे विकर फोडते, त्यातून हिरवे बिलिव्हर्डिन निघते, आणि दुसरे एक विकर त्याचे पिवळे बिलिरुबिन करते. नवजात बाळाला कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवतात, ती याच बिलिरुबिनची साठवण.

हीम मोडल्यावर तीन वस्तू निघतात. पहिली हे हिरवे-पिवळे रंगद्रव्य. दुसरी लोह. या लोहाचा हिशेब पाहून माझ्यातील बँक अधिकारी चकित झाला. दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून परत मिळून नव्या पेशींत गुंतवले जाते. अन्नातून शरीरात मुरणारे लोह मात्र जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल घरचेच फिरते आहे. पिढीजात पेढीलाही असा व्यवहार साधणे कठीण.

तिसरी वस्तू ऐकून मात्र मी पुन्हा विचारले, कारण प्रथम विश्वास बसला नाही. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू राहिला किंवा बंद खोलीत शेगडी पेटती राहिली की माणसाचा जीव घेणारा, तोच. प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो. असा विषारी वायू आपले शरीर दिवसरात्र अत्यल्प प्रमाणात स्वतःच तयार करीत असते, आणि बरीच वर्षे शास्त्रज्ञांनी त्याला निव्वळ टाकाऊ समजले होते. पुढे कळले की, त्या अल्प मात्रेत तो टाकाऊ नसून निरोप्या आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना तो निरोप देतो: सैल व्हा, शांत राहा, आणि गरज पडल्यास वाढा.

या विकराचे दोन प्रकार आहेत. एक कायम कामावर असणारा, मेंदूसारख्या अवयवांत विशेष आढळणारा. दुसरा, हीम ऑक्सिजनेज-१, एरवी बहुतेक ठिकाणी नगण्य असतो. परंतु जखम, दाह, प्राणवायूची टंचाई किंवा सुट्या हीमचा लोंढा आला की काही तासांत अनेक पटींनी वाढतो. आपली गोष्ट या दुसऱ्याची आहे.

आता जखमेकडे येऊ. कातडी फाटली की तेथील लहान रक्तवाहिन्याही तुटतात. नवी कातडी तयार व्हायची तर तेथे प्राणवायू आणि अन्न पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या वाहिन्यांना नवे फुटवे फुटले पाहिजेत, जसे छाटलेल्या झाडाला फुटतात. भरत आलेल्या जखमेच्या तळाशी लालबुंद, दाणेदार थर दिसतो, तो या नव्या केशवाहिन्यांनी भरलेला असतो. फुटवे फुटण्याची आज्ञा देणारे प्रमुख प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. रक्तवाहिन्या पाझरत्या करणारा घटक म्हणून १९८३ मध्ये बोस्टन येथे ते प्रथम ओळखले गेले. १९८९ मध्ये नेपोलियन फेरारा यांच्या चमूने ते वेगळे काढून त्याला आजचे नाव दिले. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या व्हीईजीएफ सोडतात, आणि जवळची रक्तवाहिनी त्या दिशेने फुटवा पाठवते.

हीम मोडणाऱ्या विकराचा या आज्ञेशी संबंध दुहेरी आहे. विकर आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वाढला की पेशींतून व्हीईजीएफ अधिक स्रवते. उलट व्हीईजीएफ आले की रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींत हे विकर वाढते. एकाने दुसऱ्याच्या हुंडीवर सही करावी तसे हे आहे. २००७ साली अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातून जेसी देशाणे, अनुपम अगरवाल आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. जखमेच्या जागी दुरुस्तीच्या पेशींना बोलावणारा एसडीएफ-१ नावाचा दुसरा एक संदेश आहे. तो दिला असता निरोगी उंदराच्या महारोहिणीच्या तुकड्याला फुटवे फुटतात. हे विकरच नसलेल्या उंदराच्या तुकड्याला ते फुटले नाहीत. तेथे कार्बन मोनॉक्साइड पुरवला, आणि फुटवे आले. म्हणजे आज्ञापत्र पोहोचले तरी पुढचा कारकून जागेवर नसेल तर काम होत नाही. विकर नसलेल्या त्या उंदरांच्या जखमाही उशिरा भरत होत्या.

पोलंडमधील क्राकूवच्या संशोधकांनी २००९ मध्ये जे मांडले ते तर दाजींच्या पायाचेच वर्णन वाटावे. मधुमेही उंदरांच्या जखमेत हे विकर निरोगी उंदरांइतके वाढत नव्हते. जखमेत त्याचे जनुक बाहेरून पोहोचवले तेव्हा रक्तवाहिन्या वाढल्या आणि जखम लवकर मिटली. दाजींच्या पायात काय घडले याचे हे एकमेव कारण नव्हे. संवेदना गेल्यामुळे फोड कळला नाही, पायाच्या मोठ्या रोहिण्या अरुंद झाल्या होत्या, साखर वाढलेली असल्याने जंतूंना रान मोकळे होते. परंतु या सर्वांवर कडी म्हणजे दुरुस्तीची यंत्रणाच मंद झाली होती.

हे प्रयोग मुक्या प्राण्यांवर झाले आहेत. आपल्या घरांतून वाढलेल्या माणसाला ते वाचताना अवघडल्यासारखे होते, आणि व्हावे. तो भाग गाळून माहिती तेवढी सांगावी हे मला प्रामाणिक वाटले नाही.

माणसात हे विकर मुळातच नसेल तर काय होते, याचीही दुःखद नोंद आहे. १९९९ मध्ये जपानच्या कानाझावा येथील डॉक्टरांनी सहा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याची वाढ खुंटली होती, तांबड्या पेशी सतत फुटत होत्या आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला जागोजाग इजा झाली होती. इतके रक्त मोडत असूनही कावीळ नव्हती. पिवळे रंगद्रव्य तयार करणारी पहिली पायरीच नव्हती. २०११ मध्ये भारतातूनही अशाच एका मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. असे रुग्ण जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण ज्याला आपण मोडीचे खाते समजत होतो त्याच्यावाचून पेढी चालत नाही हे त्यांनी दाखवून दिले.

मग डोळ्याचे काय? दाजींच्या प्रश्नाचा खरा पेच येथेच होता. मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक केशवाहिन्या हळूहळू बुजतात. दृष्टिपटल हे शरीरातील सर्वांत जास्त प्राणवायू खाणाऱ्या ऊतींपैकी एक. ते उपाशी राहिले की व्हीईजीएफची हाक देते, आणि ही हाक थांबत नाही. बंद, लहानशा डोळ्यात ती साचत जाते. उत्तरादाखल ज्या वाहिन्या येतात त्या घाईने बांधलेल्या, कच्च्या भिंतींच्या. त्या पाझरतात, फुटतात, डोळ्यात रक्त उतरते, दृष्टिपटल ओढले जाते. पायाची जखम हाक देते तर तेथील यंत्रणा बधिर. डोळ्यात हाक इतकी की यंत्रणा बेभान. रोग एकच, देह एकच. 'स्यात्' हा शब्द ज्यांच्या परंपरेने तत्त्वज्ञानाला दिला, त्यांना यात नवल वाटू नये: व्हीईजीएफ हितकर आहे आणि नाही, कोठे आणि केव्हा हे सांगितल्याशिवाय विधान अपुरे.

हीम ऑक्सिजनेजचेही तसेच. २००४ मधील एका अभ्यासात असे दिसले की, व्हीईजीएफच्या आज्ञेने होणाऱ्या वाढीला ते साहाय्य करते, मात्र दाहामुळे पिसाट झालेली वाढ ते आवरते. कर्करोगाच्या अनेक गाठींत ते वाढलेले सापडते, आणि तेथे ते गाठीला रक्त मिळवून देण्यास हातभार लावते. म्हणून 'हे विकर वाढवा' किंवा 'हे विकर दाबा' असा सरसकट उपदेश कोणी करू लागला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. व्हीईजीएफला अडवणारे औषध आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. डोळ्यासाठीचे त्याचे भावंड २००६ मध्ये आले. दाजींना मिळणारी इंजेक्शने याच घराण्यातील. पायाच्या जखमेत विकर वाढवणारे औषध मात्र अजून प्रयोगशाळेतच आहे.

येथवर ऐकून दाजींनी मला थांबवले आणि त्यांच्या मनातील खरी गोष्ट विचारली. "मग हळद खोटी का? तिच्यासाठी तर आपला देश अमेरिकेशी भांडला होता."

भांडला होता, आणि जिंकलाही होता. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदावरून दिल्लीला सीएसआयआरचे महासंचालक म्हणून गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिले. जुने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. सांगलीच्या बाजारात त्या बातमीचा आनंद काय होता हे दाजींना चांगले आठवते. हरिपूरच्या पेवांतून निघणाऱ्या हळदीला जणू राष्ट्रीय सन्मान मिळाला होता.

पण निकाल नीट वाचला पाहिजे. बँकेत आम्हाला शिकवले होते की दस्तऐवजात लिहिले आहे तेवढेच वाचावे, मनातले त्यात घालू नये. 'हळद जखमेवर लावणे हे नवे नाही, भारतात ते पूर्वापार माहीत आहे, म्हणून त्यावर मक्तेदारी देता येणार नाही', एवढेच तेथे ठरले. हळदीने प्रत्येक जखम भरते असे कोणी ठरवले नाही. खटला मालकीचा होता, गुणाचा नव्हता. आपण मात्र त्या विजयातून गुणाचे प्रमाणपत्र काढून घेतले आणि घरोघरी चौकटीत लावले.

हळदीत गुण नाही असेही नाही, आणि येथे आपले विकर पुन्हा भेटते. हळदीतील पिवळे द्रव्य कर्क्युमिन हे रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींत हीम ऑक्सिजनेज-१ वाढवते, असे २००० साली प्रयोगशाळेत दिसले. हे वाचून मला क्षणभर वाटले की आजीचे म्हणणे सिद्ध झाले. परंतु त्याआधी, १९९८ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी दाखवले होते की कर्क्युमिन रक्तवाहिन्यांची नवी वाढ रोखते. दोन्ही प्रयोग खरे. मात्रा निराळी, पेशी निराळ्या, परिस्थिती निराळी. शिवाय वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन शेकडा दोन ते पाच इतकेच असते आणि पोटात घेतले तर रक्तात नाममात्र उतरते. त्याच १९९८ सालच्या बंगळूरच्या अभ्यासात मिऱ्यातील पायपरिनच्या जोडीने ते शोषण कितीतरी पटींनी वाढलेले आढळले, हा अपवाद. काचेच्या बशीतील पेशीवर मोजून टाकलेले शुद्ध द्रव्य आणि गाळ्यातील पोत्यातून ओंजळभर घेतलेली पूड या एका तोलाच्या वस्तू नव्हेत. बोथट झालेल्या पायावर, रोहिणी बंद होत आलेल्या अंगठ्यावर, ती पूड तुपात कालवून बांधली की जखम झाकली जाते, आणि तिचा रंग बदलतो आहे हे हळदीच्या पिवळेपणात दिसत नाही. दाजींच्या बाबतीत नेमके हेच झाले. हळदीने अपाय केला असे शल्यचिकित्सक म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हळदीने पाच आठवडे घेतले."

स्वयंपाकातील हळदीविषयी माझी तक्रार नाही. ओली हळद जमीनकंद म्हणून वर्ज्य करणाऱ्या घरांनीही वाळलेली हळद स्वीकारली, इतका विचार आपल्या पूर्वजांनी तिच्याविषयी केला आहे. तोच विचार जखमेच्या बाबतीत करावा एवढेच म्हणणे. भाजी चिरताना बोट कापले, प्रकृती निरोगी आहे, तर हळद लावा. मधुमेही माणसाच्या पायाला लहानसा फोडही आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ते जखम साफ करतात, पायात रक्त किती येते ते यंत्राने पाहतात, त्या भागावरचा भार काढतात, साखर ताब्यात आणतात. एका नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना शिल्लक आहे की नाही हेही दोन मिनिटांत कळते. दाजींची ही तपासणी बावीस वर्षांत एकदाही झालेली नव्हती, कारण त्यांनी ती कधी मागितलीच नाही. डोळ्याचेही तसेच. बाहुली मोठी करणारे थेंब घालून वर्षातून एकदा दृष्टिपटल पाहून घ्यावे. अंधुक दिसू लागेपर्यंत थांबले तर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

हा रोग आपल्या घरांत इतका का, याचे एक उत्तरही पुण्यातच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण वजन कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. वरून सडपातळ, आत स्निग्ध, अशी ही घडण जन्मापासूनची. दुकानाच्या गादीवर दिवसभर बैठक आणि जेवणात गोडाचा आग्रह तिला पुढे साथ देतात.

मंदिरात अनवाणी जाण्याचा प्रश्न मात्र अक्काला अनेक दिवस सतावत होता. शेवटी तिने एका वृद्ध साध्वीजींना विचारले. त्या म्हणाल्या की, पादत्राण काढायचे ते विनयासाठी; पाय गमावण्यासाठी नव्हे. आता दाजी केवळ मंदिरासाठी ठेवलेले धुतलेले सुती मोजे घालून जातात, तेही सकाळी लवकर, फरशी थंड असताना. रात्री अक्का त्यांचे दोन्ही तळवे दिव्याखाली तपासते, बोटांच्या बेचक्यांतही पाहते. गाळ्यातील जुन्या रोजमेळाची एक कोरी वही तिने त्यासाठी घेतली आहे. तारीख, उजवा, डावा, आणि शेरा. डोळ्यातील इंजेक्शनांच्या तारखा त्याच वहीच्या मागच्या पानांवर आहेत. चार झाली, पाचवे पुढच्या मंगळवारी आहे.